निबंधाची वही

जो शब्द कानी पडताच आज आठवी-नववीतल्या मुलाच्या डोळ्यांपुढे समास आखलेली वही आणि फळ्यावर खडूने लिहिलेला विषय उभा राहतो, तो 'निबंध' हा शब्द मुळात शाळेतला नव्हे. तो धर्मशास्त्राच्या दालनातला आहे. श्रुतिस्मृतींतील परस्परविरोधी वचने एकत्र आणून, त्यांची संगती लावून, व्यवहारात कोणता निर्णय ग्राह्य धरावा हे सांगणाऱ्या ग्रंथास आपले पूर्वज निबंध म्हणत. कमलाकर भट्टांचा १६१२ मधील 'निर्णयसिंधु' हा त्याच जातीचा ग्रंथ, आणि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याचा तेराव्या शतकातील 'चतुर्वर्गचिंतामणि' हाही त्याच परंपरेतला. याच हेमाद्रीच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या हेमाडपंताच्या नावावर, मोडी पत्रे कशी लिहावीत याचे नियम सांगणारे 'मेस्तक' परंपरेने घातले आहे. विचारांची संगती लावणे आणि लेखन रीतसर करणे या ज्या दोन गोष्टी पुढे हायस्कुलातल्या मराठीच्या तासाला एकत्र आल्या, त्या दोहोंचा पूर्वज अशा प्रकारे आपल्याकडे एकच निघतो. त्यांची गाठ पडायला मात्र सहाशे वर्षे लागली, आणि ती पडली आठवड्याला एक निबंध लिहून आणण्याच्या शाळेतल्या साध्या शिरस्त्यात.

पंतोजींच्या शाळेत लेखन होते, पण रचना नव्हती. मुलगा आधी धूळपाटीवर अक्षरे गिरवी. हात बसला की बोरू आणि दौत घेऊन पंतोजींनी घालून दिलेल्या कित्त्याबरहुकूम पुस्ती काढी. सांजवेळी परवचा म्हणे, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे घोके, आणि या साऱ्यातून पार पडला म्हणजे पत्रांचे मायने शिके. वडिलांस तीर्थरूप, धाकट्यास चिरंजीव, परक्या प्रतिष्ठितास राजमान्य राजश्री, कोणास नमस्कार आणि कोणास आशीर्वाद, हे सारे ठरलेले असे, आणि त्यात आपल्या मनाने फेरफार करणे हा प्रमाद गणला जाई. या शिक्षणाला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या मुलखाचा सारा कारभार मोडी कागदांवर चालत होता, ज्याचे हिशेब, करार, निवाडे आणि बातम्या रुमालांत बांधून दफ्तरात ठेवल्या जात होत्या, त्या मुलखाला नेमके, नेटके आणि जलद लिहिणारे कारकून हवे होते, आणि पंतोजींच्या शाळा ते पुरवीत होत्या. पण हाती बोरू आलेल्या त्या मुलाला, 'तुला स्वतःला काय दिसले, काय वाटले, ते लिही' असे त्या शाळेत कोणी म्हणत नसे.

पेशवाई बुडाल्यावर, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, शाळा चालविणे आणि शाळांसाठी पुस्तके तयार करणे यांकरिता मुंबईत मंडळी स्थापन झाली, आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या हाताखाली शास्त्रीमंडळी इंग्रजीतील गणित, भूगोल, नीतिकथा मराठीत आणण्याच्या कामाला लागली. त्यांची अडचण आज आपल्या लक्षात येत नाही. मराठीत ओवी होती, अभंग होता, पोवाडा होता, बखर होती, आणि गद्याचे म्हणाल तर महानुभावांचे 'लीळाचरित्र'ही होते. परंतु ते पंथाच्या सांकेतिक लिपीत बंद होते आणि शास्त्र्यांच्या हाती नव्हते. वर्गातल्या मुलाने वाचावे आणि त्या वळणावर स्वतः लिहावे, असे चालू गद्य समोर नव्हतेच. ते भाषांतर करता करताच घडवायचे होते. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा कोश १८३१ मध्ये आला, दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, आणि शब्दांची व प्रयोगांची शुद्धाशुद्धता ठरविण्यास काही आधार झाला.

पुढे मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली सरकारी क्रमिक पुस्तके तयार झाली, आणि त्याच कँडीने १८५० मध्ये मराठीकरिता विरामचिन्हांची परिभाषा बांधून दिली. मोडी लिहिणारा हात न उचलता ओळ संपवीत असे. शब्द कोठे तुटला आणि वाक्य कोठे थांबले हे वाचणाऱ्याने क्रियापदावरून आणि सवयीने ओळखावयाचे. स्वल्पविराम, अर्धविराम आणि पूर्णविराम आले तेव्हा लिहिणाऱ्यालाच प्रथम आपले वाक्य दिसू लागले. कँडीने मराठीला इंग्रजी वळण लावले हा आक्षेप त्याच्या हयातीतच घेतला गेला आणि तो निराधार नाही. परंतु लांब वाक्य तोल न जाता पेलण्याची जी शक्ती पुढच्या मराठी गद्यात आली, तिच्या मुळाशी या परक्या माणसाचे लहानसे पुस्तक आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

मुलांनी स्वतःच्या बुद्धीने लिहिण्याचा आरंभ वर्गात होण्याआधी वर्गाबाहेर झाला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये आपली सभा स्थापन केली. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग. सभासदाने विषय निवडावा, त्यावर वाचन करावे, निबंध लिहावा आणि तो सर्वांसमोर वाचून दाखवून त्यावरील चर्चा ऐकून घ्यावी, ही तेथील रीत. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक निघू लागले आणि असे निबंध छापूनही येऊ लागले. वाचन, मग लेखन, मग दुसऱ्याच्या कानांवरून झालेली त्या लेखनाची परीक्षा, हा आजही मराठीच्या तासाला आदर्श मानावा असा क्रम त्या तरुणांनी स्वतः होऊन लावून घेतला होता.

त्या काळातील एका शाळकरी निबंधापुढे मात्र बाकीचे सारे फिके पडतात. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीने आपल्या आणि महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न ती त्यात विचारते. पेशवाईत आपल्या लोकांवर काय गुजरले ते सांगते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल मांडते. तोपर्यंत मराठीत या लोकांविषयी दुसऱ्यांनी लिहिले होते. येथे त्यांच्यातलीच एक मुलगी लिहीत होती, आणि तिच्यापाशी शाळेतल्या थोड्या वर्षांच्या अक्षरओळखीखेरीज दुसरे काही साधन नव्हते. शाळेत निबंध का लिहवून घ्यावा, असा प्रश्न मला कोणी केला तर मी त्याच्या हाती प्रथम हे लिखाण देतो. विषयाचे मुद्दे फळ्यावर नव्हते, ते तिच्या वस्तीत होते; शिक्षकाने तिला लेखणी दिली आणि विचारण्याची मोकळीक दिली, एवढेच.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झाले आणि लवकरच हायस्कुलाचे तोंड मॅट्रिक्युलेशनकडे वळले. विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी वगळली गेली, तिच्या जागी संस्कृत आदी अभिजात भाषा आल्या, आणि जी भाषा पुढे उपयोगी पडत नाही तिचा तास शाळेतही उपेक्षित राहिला. आठवड्याचा निबंध असे, पण तो इंग्रजीचा. मराठीचे लेखन बहुधा भाषांतराच्या वाटेने होई. इंग्रजी उतारा मराठीत आणि मराठी उतारा इंग्रजीत करता करता मुलाची मराठी जी काय सुधारेल ती सुधारे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घरोघर गेल्या त्या याच गरजेतून. न्यायमूर्ती रानडे यांनी देशी भाषांना विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून जो चिकाटीचा प्रयत्न केला, त्याला त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, एम. ए.च्या परीक्षेपुरते यश आले. मधली सुमारे चाळीस वर्षे शिकलेला मराठी माणूस आपल्या भाषेत लिहिण्यास संकोचत होता, याचे मोठे कारण हे की त्याच्या शाळेने त्याला तशी सवयच लावली नव्हती.

या संकोचाला ज्याने धक्का दिला तो हायस्कुलातला मास्तरच होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी हायस्कुलात शिक्षक असतानाच जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' निघाली, तेव्हा त्यांचे वय चोवीसच्या आत होते. त्यांचे वडील कृष्णशास्त्री शिक्षणखात्यातले. 'शालापत्रक' हे मासिक पितापुत्रांच्या हातून चालले आणि सरकारची मर्जी खप्पा झाल्यावर बंद पडले. मालेचे चौऱ्याऐंशी अंक निघाले, आणि त्यांतील मजकूर बहुतांशी एकट्या विष्णुशास्त्र्यांच्या लेखणीचा आहे. जॉन्सन आणि मेकॉले यांच्या वाचनात मुरलेला हा शिक्षक दर महिन्याला जणू आपलीच वही भरून वाचकांपुढे ठेवीत होता. त्यांची मते सर्वांनी मानावीत असे नाही. फुल्यांवरील त्यांची टीका आज वाचताना मन विषण्ण होते. पण मराठीत कोणत्याही विषयावर, कितीही खोल, कितीही लांब आणि तितक्याच डौलाने लिहिता येते, हे त्यांनी सिद्ध केले. सरकारी नोकरी सोडून त्यांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले, टिळक आणि मागून आगरकर, आपटे त्यांना येऊन मिळाले; आणि याच वर्तुळातून आगरकरांचे 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' १८८८ मध्ये आले. समाजसुधारणेसाठी ज्याची लेखणी धारदार झाली होती तो माणूस वाक्यातील उद्देश्य आणि विधेय यांची फोड करीत बसतो, यात मला विसंगती दिसत नाही. ज्याला वाक्य नीट कळत नाही त्याला युक्तिवाद कळणार नाही, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते.

केशवसुत शाळामास्तर, साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८: ही नावे पाहिली की अर्वाचीन मराठी साहित्याचा केवढा भाग वह्या तपासणाऱ्या हातांनी लिहिला आहे ते ध्यानात येते. साने गुरुजी तर वहीवर थांबले नाहीत. वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक ते आपल्या हाताने लिहून काढीत. जो शिक्षक मुलांसाठी रोज लिहितो त्याने मुलांकडून आठवड्याला दोन पाने मागितली तर ती मागणी जाचक वाटत नाही.

आता त्या शिरस्त्याविषयी, जसा तो माझ्या पिढीपर्यंत उतरला तसा. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला विषय मिळे. गुरुजी तो फळ्यावर लिहीत आणि मग मुद्दे न देता वर्गाशी त्यावर बोलत. पावसाळ्यावर लिहायचे तर, पहिला पाऊस पडला तेव्हा तुझ्या घरी कोण काय करीत होते, असे एकेकाला उठवून विचारीत, आणि ज्याचे घर गळत होते त्याचे उत्तर सर्वांत लक्षपूर्वक ऐकत. शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी वर्गाची ग्रंथपेटी उघडे. तिच्यात चाळीस-पन्नास पुस्तके असत, हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्यांपासून प्रवासवर्णनांपर्यंत, आणि नेलेले पुस्तक परत करताना त्यातले काय आवडले ते दहा-बारा ओळींत लिहून देण्याचा दंडक असे. अभ्यासक्रमात पुढे ज्याला स्थूलवाचन म्हटले गेले ते हेच. परंतु नाव मिळण्यापूर्वी ते अधिक प्रमाणात होत असे. सोमवारी वह्या गोळा होत. उजव्या पानावर निबंध, डावे पान कोरे. लाल शाईने खूण केलेला प्रत्येक अशुद्ध शब्द डाव्या पानावर पाच वेळा शुद्ध करून लिहावयाचा.

वर्गात चाळीस मुले आणि शिक्षकाकडे असे तीन वर्ग धरले तर आठवड्याला एकशेवीस वह्या होतात. एका वहीला पाच मिनिटे दिली तरी दहा तास. हे दहा तास शाळेच्या वेळापत्रकात कोठेही नव्हते आणि त्यांचा मोबदला पगारपत्रकात रुजू होत नव्हता. वह्यांचा गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला बांधून गुरुजी घरी नेत, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात, ज्या मुलाशी वर्गात आठवडाभर दोन शब्द बोलण्यास सवड झाली नसेल त्याचे म्हणणे एकांतात वाचत. माझ्या एका निबंधाखाली, मी कोणा पुस्तकातून उचललेले एक भरजरी वाक्य अधोरेखित करून, 'हे तू पाहिलेस काय?' एवढेच त्यांनी लिहिले होते. त्यानंतर न पाहिलेले लिहिताना माझा हात आजतागायत अडतो.

लाल शाईलाही तिचा इतिहास आहे. 'पुस्तकें', 'घरांत', 'नांव' असे उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीमुळे राहिलेले अनुस्वार न दिल्याबद्दल ज्या पिढीने हातावर छड्या खाल्ल्या, तिच्याच मुलांचे गुण तेच अनुस्वार दिल्याबद्दल कापले गेले. कारण १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले, शासनाने ते मान्य केले, आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. आजोबांची वही आणि नातवाची वही शेजारी ठेवली तर भाषेच्या या घडामोडी कोणत्याही व्याकरणाहून स्पष्ट दिसतात.

वाचनाच्या पुस्तकांनीही कूस बदलली होती. आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने मुलांच्या जिभेवर खेळणारी भाषा पाठांत आणली, आणि उपदेशाच्या कोरड्या धड्यांनी वाढलेल्या शिक्षकांनाही तेव्हा नवा हुरूप आला. २७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली; चांगली छपाई, चित्रे आणि स्वस्त किंमत यांमुळे पुस्तक खेड्यातल्या मुलापर्यंत पोहोचले. हे फार मोठे काम झाले.

वहीच्या वाट्याला मात्र तसे भाग्य आले नाही. मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली, परीक्षार्थी वाढले, वर्ग साठ-सत्तर मुलांचे झाले, आणि एकशेवीस वह्यांच्या जागी दोनशे वह्या आल्या तेव्हा शिक्षकाचा नाइलाज झाला. साप्ताहिक निबंध पाक्षिक झाला, मग मासिक, मग सत्राला दोन. ती पोकळी मार्गदर्शिकांनी भरली. नदीचे आत्मवृत्त, फाटक्या पुस्तकाचे मनोगत, विज्ञान शाप की वरदान, मी मुख्यमंत्री झालो तर. यांची तयार उत्तरे पाठ करून एकाच गावची नव्हे तर सबंध राज्याची मुले एकच नदी आणि एकच फाटके पुस्तक लिहू लागली. पंतोजींच्या शाळेत मायने पाठ करावे लागत. शंभर-दीडशे वर्षांच्या खटपटीनंतर निबंधाचाच मायना झाला. मी याचा दोष शिक्षकांना देत नाही. दहा तासांचे काम सोळा-सतरा तासांचे करून त्याचा हिशेब कोठेच न धरणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे, आणि वर्गातील मुलांची संख्या उतरल्यावाचून तो निवारला जाणार नाही.

या शिरस्त्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला क्रमिक पुस्तके मिळतात, शिक्षणखात्याचे अहवाल मिळतात, प्रश्नपत्रिका मिळतात; ज्यांसाठी हे सारे होते त्या मुलांचे लिखाण तेवढे हाती लागत नाही. मुक्ताबाईचा निबंध राहिला, कारण एका वृत्तपत्राने तो छापला. तिच्यानंतरच्या असंख्य मुलामुलींच्या वह्या वर्षअखेरीस रद्दीत गेल्या किंवा किराणा मालाच्या पुड्या झाल्या. म्हणून ज्या वाचकांच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत किंवा देवघरामागच्या फडताळात, आईवडिलांची वा आजीआजोबांची एखादी निबंधाची वही अजून असेल, त्यांना माझी विनंती आहे: ती विकू नका. वेष्टनावर शाळेचे नाव, इयत्ता आणि साल शाईने लिहा, आणि आपल्या गावच्या ग्रंथालयात नेऊन द्या. लाल शाईची पाने फाडू नका.